आठवा

सोमवारी मी चुकीच्या वर्गात बसलो.
संख्याशास्त्र एकवीस नंबरला होतं,
मी शिरलो बाराला.
आटपाडीची गाडी विट्याच्या अलीकडं पंक्चर,
विश्रामबागेपासून पळत आलेलो,
पत्र्याची पेटी वॉचमनच्या खुर्चीखाली ढकलून.
अशा वेळी आकडे उलटे दिसतात.

आत सातजण.
ऐनापुरे बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
बोटानं मोजलं.
"या. झाले आठ.
आठाच्या खाली गेलं तर वर्ग बंद, असं पत्र आलंय."
त्यांच्या आवाजात असं काही हायसं होतं
की मला उठताच येईना.

मामा म्हणाला होता, पहिला आठवडा महत्त्वाचा.
पुढच्या बाकावर बस. वळखी काढ.
ग्रंथालयाचं कार्ड पहिल्याच दिवशी.
लाजला तो मागं पडला.
मामा स्वतः कॉलेजात दीड महिना टिकला होता,
त्यामुळं त्याला सगळं माहीत होतं.

मंगळवारी शोधून काढला एकवीस नंबर.
एकशे चाळीस पोरं, चार पंखे.
"हिप्परकर आर. एस."
हजर म्हणालो.
मानसुद्धा वळली नाही कुणाची.
सर फळ्यावर सरासरी काढत होते,
आणि मला वाटलं,
एकशे चाळिसातला एक गेला
तर ही कुठं हलतेय.
पण आठातला?

मधल्या सुट्टीनंतर पुन्हा बाराला.

बाई म्हणाल्या, "हरिपुरातच हळदीची पेवं का धरली?
जमीन तर सगळीकडं असते."
आम्ही फळ्याकडं पाहिलं, तिथं काही नव्हतं.
मग तस्लीम मुजावर, वहीकडं बघतच,
"माझे आजोबा पेवात उतरायचे.
आधी कंदील सोडायचे दोरीनं.
विझला की उतरायचं नाही."
बाई थांबल्या.
"हे लिहून घ्या," म्हणाल्या, "पुस्तकात नाही."
आठ पेनं एकदम खाली वाकली.
मिरजेची तस्लीम कानापर्यंत लाल.

बुधवारी प्रत्येकाच्या हातात एकेक दगड.
माझा काळा, जड, भोकाभोकांचा.
"ओळखीचा?"
"आमच्या बांधावर ढीग पडलाय, बाई."
"काय करता त्याचं?"
"कुत्र्याला मारतो."
सगळे हसले.
पहिल्यांदाच सांगलीत कुणी माझ्यामुळं हसत होतं
आणि मला जमिनीत जावंसं वाटत नव्हतं.
"साडेसहा कोटी वर्षं थांबलाय तो," बाई म्हणाल्या,
"नेम धरायच्या आधी एकदा बघत जा."

गुरुवारी काही झालं नाही.
मेसची आमटी पातळ.
रात्री नळाचं पाणी गेलं, खोलीतल्या दोघांची नावं कळली.

बाई हजेरीला नावं घेत नाहीत, नुसते आकडे.
पाचवी, सहावा, सातवी,
आठवा.
मला दरवेळी ती आज्ञाच वाटते.
हजर म्हणेपर्यंत
ताल, करगणीचा बाजार, आईच्या हातावरचं गोंदण,
काय काय आठवून होतं.

शुक्रवारी भिंतीवर बसून भडंग खाल्लं, तस्लीम आणि मी.
ती म्हणाली, "तू चुकून आलायस ना?
सोमवारीच कळलेलं. दारात पाटी बघत होतास."
"मग बोलली का नाहीस?"
"आठ झाले होते की."

शनिवारी ऑफिसात विषयबदलाचा अर्ज.
खिडकीतले तानवडे म्हणाले,
"सगळे तिकडून इकडं येतात, तू उलटा."
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, चुकून.
त्यांनी खोडलं.
"वैयक्तिक लिही. चुकून मंजूर होत नसतंय."

रात्री मामाचा फोन.
"कार्ड काढलंस?"
"काढलं."
"मग? काय शिकलास आठवडाभर?"
"दगड," म्हणालो.
तिकडं बराच वेळ नुसती मोटार चालू असल्याचा आवाज.
मग अगदी हळू,
"जेवतूयास न्हवं येळेवर?"