काही विद्यार्थी

दुसरं कुणी उभंच राहिलं नाही
म्हणून मी प्रतिनिधी.

सोहारमधल्या आमच्या विभागात
तिसऱ्या मजल्यावरचा कूलर मार्चपासून बंद,
लॅब सुटते सव्वापाचला, बस पाचला.
मी वाचत जाते,
डॉ. हिलाल मान डोलावतात,
इतिवृत्तात उतरतं.

मग शेवटचा मुद्दा:
फी थकली म्हणून परीक्षेच्या यादीतून
नाव काढू नये.
"कुणाची तक्रार?"

काल रात्री नुमान फोनवर एवढंच म्हणाला,
अब्बांची नोकरी गेली.
माझं नाव नको घेऊस हां.

"काही विद्यार्थ्यांची."
"काही म्हणजे किती?"

दाराच्या काचेतून दिसतो तो,
बंद कूलरवर वाकलेला,
पाणी पीत असल्यासारखा.

"बरेच आहेत, सर."