मॅटिनीला 'धोटा'

बाराचा शो, बाल्कनी, पंखा एकच आणि तोही लांब.
कारखान्यात शाळेच्या शर्टांची चाळीस डझन काजं उरलीत.
मुकादमानं विचारलं तर सांगणार आहे,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते.
फारसं खोटं नाही. बघायलाच तर आलेय.

पडद्यावर आमचा 'धोटा'.
आमचा म्हणजे माझा, आणि अशोक चौकातल्या
त्या तीस-पस्तीस पोरांचा, जी आता बाप झालीत
आणि हेल्मेट घालतात.

गोष्ट अशी की चौघं बंद गिरणीत सरावाला जागा घेतात.
भाडं कमी, कारण आत भूत.
भूत म्हणजे जुना टाइमकीपर,
रात्री तीनला भोंगा देतो
आणि उशिरा येणाऱ्याचा अर्धा दिवस कापतो.

अंबादास बोद्दूल,
ज्याचा आवाज ऐकून गड्ड्यावरच्या पाळणेवाल्यानं
एकदा पाळणाच थांबवला होता
(वर लटकलेले लोक शिव्या देत होते, त्यांत मीही,
आणि शिवी अर्धी सोडून मी ऐकायला लागले),
तो अंबादास इथं डोक्यावर चादर घेऊन पळतो,
आपलीच चादर, मोराची,
झालर पायात येते, तोंडावर आपटतो.
थिएटर हसून वाकलं.
मी नाही.

ज्यांची सीडी मी ओढणीत गुंडाळून सासरी नेली
ते दर दहा मिनिटांनी शेंगाचटणीत घसरतात,
जसं काही आम्ही दुसरं खातच नाही.
रागच आला.
पैसे मिळाले असतील. मिळू देत.
वीस वर्षं लग्नाच्या वरातीत दुसऱ्यांची गाणी वाजवून
अँप्लिफायरचे हप्ते फेडलेत त्यांनी,
मला माहीत आहे.

इलाही मोमीननं मात्र हसवलं.
भूत समोर उभं, आणि हा ड्रमच्या काड्या खाजवत विचारतो,
"काय करलालास बे हितं? कार्ड पंच केलास का?"
त्याचे अब्बा मागावर बहिरे झाले.
पोराचा ड्रम ते फरशीवर अनवाणी उभं राहून ऐकायचे,
तळपायांनी.
हे पिक्चरमध्ये नाही.

पिक्चरमध्ये मल्लिनाथही नाही.
त्याच्या जागी पुण्याचा कुणी दाढीवाला, दिसायला बरा.
मल्लूला जाऊन आषाढात तीन वर्षं होतील.
होटगी रोड, रात्र, टँकर.
पाठीवरच्या गिटारला ओरखडाही नव्हता म्हणतात.
लोक काहीही म्हणतात.

इंटरव्हलच्या जरा आधी
गिरणीत अंधार, सगळे मागाखाली लपलेले,
आणि कोपऱ्यातली बेस गिटार आपोआप वाजायला लागते.
टाइमकीपर धोतर सावरत नाचतो. शिट्ट्या.

तिसरी तार उतरलेली होती.
केसभर.
मल्लू ती कधी नीट लावायचाच नाही,
अंबादास माइक हातानं झाकून त्याला तेलुगूत काहीतरी बोलायचा
आणि हा कन्नडमध्ये हसायचा.
पुण्याचा पोरगा सुरात पक्का आहे,
सबंध पिक्चरभर पक्का.
मग ही तार कुणी उतरवली?
दिग्दर्शकाला काय ठाऊक असणार.

कॅमेरा मागाखाली आला.
सीन विनोदी, सगळ्यांनी डोळे वटारायचे होते.
दाढीवाल्यानं वटारले.
अंबादासनं नाही.
इलाहीचा पाय हलत होता,
घाबरलेल्या माणसाचा हलतो तसा नाही,
ताल धरलेला.

दिवे लागले. शेजारच्या बाईंनी समोसा पुढं केला,
"भूत कोण निघंल वो?"
म्हटलं, बघू की.
पाळणा वर अडकल्यासारखं झालं होतं, खाली यायची घाई नव्हती.

मुकादमाचा फोन वाजला, एकदा, परत एकदा.
अर्धा दिवस कापतील.
समोस्याचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला
आणि पडद्यावरच्या साड्यांच्या जाहिराती बघत बसले.