कै.

सातशे पत्रिका छापून, घड्या घालून, दोरे ओवून
टेम्पोत चढल्या तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही
की नवरीच्या आजोबांना आम्ही मारलंय.

कै. सुभद्राबाई व कै. गेनू धोंडिबा बहिरट यांची नात.
पहिला कै. खरा. दुसरा आमचा.

फोन आला मंगळवारी, अकराच्या चहाला.
देवधरांनी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरला,
तरी नारायण पेठेतल्या आमच्या त्या खोलीत
प्रत्येक शिवी सुटी सुटी ऐकू आली, विरामचिन्हांसकट.
फोन ठेवून त्यांनी एवढंच विचारलं,
"हे पान पास कुणी केलं?"

चेतन खुडेने माउसवरचा हात काढला.
बावीस वर्षांचा, जनवाडीहून सायकलवर येणारा,
गेल्या महिन्यात दोनदा बोलणी खाल्लेला.
कै. टाकला होता त्यानेच,
वरचा उचलून खाली, कॉपी-पेस्ट.
मी गप्प बसले असते तर प्रश्न आपोआप
त्याच्या टेबलाशी जाऊन थांबला असता.
त्या खोलीत उतार तिकडेच आहे.

माझ्याकडे कारणं होती.
त्या दुपारी वीज दोनदा गेलेली.
ह्यांचा रिपोर्ट यायचा होता, फोन मांडीवर उलटा.
मोतीबिंदूची तारीख दिवाळी अंकांपायी पुढे ढकललेली.
आणि देवधरच म्हणाले होते,
"बाई, नुसती नजर टाका, प्लेट जायचीये."
एकूण एक खरी. त्यांतलं एकही
मला खोडता आलं नसतं,
आणि तीस वर्षं मी खोडण्याचाच पगार घेते.

पण विचारलं होतं "कुणी".
"का" विचारलंच नव्हतं.

पंखा एक फेरा फिरला असेल, फार तर दोन.
एवढ्यात किती जागा असते, मला ठाऊक नव्हतं.
प्रूफाच्या समासाएवढी. पांढरी, रिकामी.
मजकूर कुणाचाही असो,
समासात काय लिहायचं
ते पेन्सिल ज्याच्या हातात त्याचं.

"मी," म्हटलं. "खाली सही आहे माझी. तांबडी."

आवाज काही धीरोदात्त वगैरे निघाला नाही.
घसा बसल्यासारखा झाला, आणि लगेच पस्तावलेही,
कारण सातशे पत्रिकांचा कागद स्वस्त नसतो.
"बाई, तुम्ही?" देवधर म्हणाले.
तेवढं पुष्कळ लागलं.

गुरुवारी म्हातारा स्वतःच आला.
शिवाजीनगरला अजून भांबुर्डाच म्हणणारा,
पायांत करकरत्या वहाणा, बगलेत पत्रिका.
जिन्यात तीनदा थांबला. मी मोजलं.
पाया पडायचं की माफी मागायची, ठरेना.

"वाचणारी बाई कोण?"

"मी. नीट वाचलं नाही, आजोबा."

तो बघत राहिला. हातात काठी होती,
मागे मुलाच्या सगळ्या शिव्या तयार होत्या,
आणि पंख्याचा तो एक फेरा
त्यालाही मिळाला होता, माझ्याइतकाच.

"तुम्ही नाही वाचलं," तो म्हणाला,
"पर मी वाचलोय की."
आणि खुर्ची ओढून घेऊन पाणी मागितलं.

मुलाने मात्र बिल दिलं नाही ते नाहीच.
चैत्रापर्यंत माझ्या पगारातून कापणार आहेत.
मला ते खुपतं, खोटं कशाला सांगू,
दर महिन्याच्या सात तारखेला चांगलंच खुपतं.

चेतन त्यावर अजून एक शब्द बोललेला नाही.
परवा मुंजीच्या पत्रिकेचं प्रूफ आणून ठेवलं,
आणि मी चष्मा पुसून बघते तर
खालच्या कोपऱ्यात, माझ्या सहीची जागा सोडून,
शिसपेन्सिलीने, बारीक,
चे. खु.