पाव इंच माया

नेताने कापलेले त्रिकोण पोस्टाने आले,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
चाळीस मैलांच्या बर्फावरून.
चिठ्ठी नाही.
झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर आगाथाचं नाव,
लग्नाआधीचं.

सस्कॅचवान, जानेवारी, उणे एकतीस.
चर्चच्या तळघरात हीटर खोकतो आहे.
मार्चपर्यंत गोधडी पुरी व्हायला हवी,
कुठल्या देशात, कुणाच्या अंगावर पडेल
ते इथे कुणालाच ठाऊक नाही.

चौकोन सरळ बसवायचा नाही,
टोकावर उभा करायचा, पत्त्यांतल्या चौकटसारखा.
पत्ते म्हणजे पाप या सगळ्या घरांत,
तरी चौकट म्हटल्यावर एकीनेही विचारलं नाही, कसली.
मध्ये लाल. चार बाजूंना चार करडे त्रिकोण.
"उरेब काठ ओढू नका," आगाथा पोरींना सांगते.
"तो नाही म्हणत नाही, हीच अडचण.
लांबतो, आणि मग परत येत नाही.
इस्त्रीसुद्धा फिरवायची नाही त्यावर,
ठेवायची. उचलायची."
बोलून झाल्यावर ती उगाच सुई शोधते.

नेताचे त्रिकोण काटेकोर, दोऱ्याचाही फरक नाही.
जोडले. उलटून पाहिलं.
लालची चारही टोकं शिवणीने खाल्ली होती,
चौकट कसली, सोललेला बटाटा.
पट्टी लावली: अर्धा इंच कमी.
नेताने माया सोडलीच नव्हती.

हे आजचं नाही.
बापाच्या एका कोटातून दोघींचे झगे निघायचे होते
त्या हिवाळ्यात कात्री नेताच्या हातात होती.
नऊ वर्षांची. जीभ दातांत धरून
कडेकडेने कापत गेली, चिंधीही पडू दिली नाही.
झगे झाले. काखेत दोघींना काचायचे.
पुढे जमीनही तिने तशीच वाटली,
कुंपण थेट आगाथाच्या पॉप्लरच्या मुळांतून.
त्याला अकरा वर्षं झाली.

"उसव आणि फेक," टीना फेर म्हणाली,
"लाल कापड ढीगभर पडलंय."

आगाथाने पिशवी उपसली.
तळाशी आईच्या स्वयंपाकघराचा पडदा,
निळी चौकडी, उन्हाच्या बाजूने विटलेली.
पाऊण इंचाची पट्टी कापली:
पाव इंच या शिवणीत, पाव इंच त्या,
मधला पाव दिसण्यापुरता.
चारी बाजूंनी फिरवली.
चौकोन रांगेत बसला.
टोकं गेली ती गेलीच,
पण कुणी जवळ जाऊन पाहिलं तरच.

रिकामा डबा परत करायचा नसतो.
उरलेला पडदा तिने घडी करून आत ठेवला,
न कापता.
नव्या पट्टीवर नेताचं नाव लिहिलं,
तेही लग्नाआधीचं,
आणि पट्टी तोडताना कडेला
जरा जास्तच सोडली.