अकरावा प्रश्न

फॉर्मवर अकरावा प्रश्न आहे.
सहा वर्षं मी त्याच्यापुढे
'लागू नाही' लिहीत आले,
भूक, झोप, उलट्या, केस, पगारातली कपात
सगळं विचारून झाल्यावर,
पेनाला टोपण लावता लावता.

मस्कतच्या या चौथ्या मजल्यावर
डॉक्टर इजिप्तचे, पेशंट श्रीवर्धनची,
मधे मी, चिपळूणची, दुभाषी.
डॉक्टर खिडकीकडे बघत तीन वाक्यं बोलतात
आणि मान माझ्याकडे वळवतात : सांगा यांना.

काय सांगू?
माझ्या भाषेत त्याला दोनच शब्द,
एक मुतारीच्या भिंतीवर कोळशानं लिहिलेला,
एक दहावीच्या पुस्तकातला,
ज्या पानावर आमच्या बाई म्हणाल्या, हे घरी वाचा.
मी म्हटलं, "काळजी घ्या."
डॉक्टर म्हणाले, शुक्रन.

जैबुन्निसा परकार, वय चव्वेचाळीस,
किरणांचे पंचवीस दिवस संपलेले.
अबायाची बटणं लावताना म्हणाली,
"सिस्टर, आमचे हे हल्ली
पलंगाच्या अगदी कडेला झोपतात.
पडतील एखाद्या रात्री.
कंबर मोडली तर सोहारच्या बंदरात क्रेन कोण चालवणार?"

आधी मी हसले. मग ती.
मग ती थांबली, आणि मला थांबता येईना.

पडदा ओढला. स्टूल जवळ घेतलं.
एसी घरघरत होता ते बरं.
खालच्या कपाटातला डबा काढला,
आजवर चोरीच्या मालासारखा
पिशवीत घालून, वर माहितीपत्रक ठेवून देत आले तो.
उघडला. हातात धरून दाखवला.
कोरडेपणा म्हटलं. दुखणं म्हटलं.
जेल किती, आठवड्यातून कितीदा, घाई नको.
इच्छा म्हटलं,
आणि कोण बोललं म्हणून मीच वळून पाहिलं.

"आणि त्यांना लागेल का हा आजार?"
नाही.
"मग तुम्हीच सांगा.
मी सांगितलं तर म्हणतील, बाईला वेड लागलं."

तो लिफ्टजवळ उभा,
अरबी सूचनाफलक वाचत.
अरबी त्याला वाचता येत नाही.
मला पाहून पिशव्या
या हातातून त्या हातात घेतल्या.
मी तोंड उघडायच्या आत तोच,
"तिला दुखेल म्हणून हो, सिस्टर.
नाहीतर मी काय..."

लिफ्ट आली. गेली.
आम्ही तिथंच.

रात्री होस्टेलवरून चिपळूणला फोन लावला.
नवऱ्यानं विचारलं, जेवलीस?
हो म्हटलं. तू?
मग पंधरा मिनिटं
गॅसच्या सिलिंडरबद्दल बोललो.