हॉलिससाहेबांची वही

हॉलिससाहेब, तिथे पाय देऊ नका.
पायरी नव्हे ती, डुकरांच्या कोंडवाड्याचं दार आहे.
हो, हीच ती पोलादी पट्टी, भोकाभोकांची,
जिच्यासाठी ब्रिस्बेनहून दोन विमानं
आणि एक गळकी होडी बदलत आलात.
एका रांगेत एकोणतीस भोकं? असतील.
डुकरांनी कधी मोजली नाहीत.
विमानं उठायची म्हणे हिच्यावरून.
आता भोपळ्याचा वेल उठतो.

काढा वही.

चर्चच्या आवारात टांगलंय ते तोफगोळ्याचं पितळी नळकांडं.
तुम्ही एकशेपाच मिलिमीटर लिहिलंत, बरोबरच असेल.
आम्ही त्याला रविवार म्हणतो.
पाद्री टोटू गजाने हाणतो तेव्हा
लगूनपलीकडची माणसंही तोंड धुवायला उठतात.
आवाज गोड आहे.
पहिल्यांदा कुणासाठी वाजलं होतं, ते सांगत नाही.

ही टेलिफोनची तार.
सत्तर वर्षं खारा वारा खाऊन तुटली नाही.
हिच्यातून कसले कसले हुकूम गेले असतील;
आज नातवाची चड्डी वाळतेय.

आणि ही चुलीजवळची, रणगाड्याच्या साखळीतली कडी.
हिच्यावर नगालीची फळं फोडते मी.
दगडावर फोडली तर आतल्या बीचा चुरा होतो,
हिच्यावर अख्खी निघते.
सगळ्या लढाईतलं एवढं एकच हत्यार मला चालवता येतं.

खारफुटीत रुतलेली, पाण्यातही चालायची ती गाडी,
तिचे तुम्ही तीनदा फोटो काढलेत.
खेकडे राहतात तिच्यात. भाडं थकवतात.
दर शनिवारी आम्ही वसुलीला जातो.

बोसोकडे असं चोरून बघू नका, भाऊ आहे माझा.
विचारलंत तर सांगेल तोच.
गोळ्यातली पिवळी दारू खरवडून बाटलीत भरायची,
वात लावायची, पाण्यात टाकायची, मासे वर येतात.
त्या दिवशी वात आखूड पडली.
मासे मात्र खूप मिळाले.
आईने ते रांधले, वाढले,
आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आता तुमचं वाहनांचं पान उघडा.
जीप आहे. ट्रक आहेत. बुलडोझर आहे, त्याचा नंबरसुद्धा.
एक राहिलंय. लिहा.

गेमू. बनावट इथलीच, रोव्हियानाची.
उंची पाच फूट तीन इंच.
चाकं नाहीत.
इंधन: भात, डब्यातलं मांस,
काही नसेल तेव्हा नुसतं शहाळं.
चढताना दारूगोळ्याची पेटी,
उतरताना एक जखमी माणूस,
बहुतेक वेळा त्याच्याहून वजनदार.
तुमची जीप चिखलात बसली की याला हाक पडायची.
खर्च, महिन्याला एक पौंड.
सुटे भाग कधी आलेच नाहीत.
उजव्या खांद्यावर खळगा,
पेटीच्या कोपऱ्याने पाडलेला, बरोबर कोपऱ्याएवढा.
लहानपणी मी त्यात नगालीच्या बिया ठेवायची.
दोन मावायच्या. तिसरी घसरायची.
बाबा न हलता बसायचे, म्हणायचे,
सांडू नकोस, सरकारी माल आहे.

पेन्सिल का थांबली?
रकाना पुरत नसेल तर खाली लिहा, समासात लिहा.
नाही, आता बघायला मिळणार नाही.
चर्चमागे आहे, पण तिथे नुसतं गवत दिसेल तुम्हाला.

जाळी हवी तर न्या.
बोसो बांबूचं दार करेल,
एका हाताने वेळ लागतो, पण करतो.
पैसे त्याच्याकडेच द्या.

कडी? नाही हो.
ठेवा ती खाली, होती तिथेच.
नगालीचा हंगाम तोंडावर आलाय.