कानातला नंबर

येरवाळी साडेपाचला मी उंदरांचं दार उघडतो.
आत बावीस डिग्री. बाहेर अंबाजोगाई
मे महिन्याच्या तव्यावर.
लाइट गेली की आधी इथला जनरेटर सुरू होतो,
वॉर्डाचा नंतर.
हे मी गावात कुणाला सांगत नाही.

खाजामियाँनी जाता जाता शिकवलं :
शेपटी मुळाशी धर, टोकाला नको,
अन् नाव ठेवू नको कुणाला.
पांढरे ते बाल्ब-सी, काळे ते ब्लॅक-सिक्स,
कोपऱ्यातल्या खोलीतले, पातळ चहाच्या रंगाचे,
ते डीबीए.
त्या खोलीत किल्ल्या न्यायच्या नाहीत.
एकवीस दिवसांचं पिल्लू किल्ल्यांच्या खुळखुळाटानं
गोल गोल धावतं, आडवं होतं, पाय ताणतं,
कधी कधी उठत नाही.
मी जुडगा दाराबाहेर खिळ्याला अडकवतो.

दोन-तीन महिन्यांत तेच उंदीर बहिरे होतात.
मग किल्ल्या वाजवा, परात वाजवा,
अख्खी वरात न्या खोलीतून,
ते आपले मिशा पुसत बसतात.

बहिरेपणावरचं औषध शोधतात टेकाळे मॅडम.
त्यांनी एकदा वंशावळीचं रजिस्टर उघडून दाखवलं :
भावाला बहीण, पुन्हा भावाला बहीण,
वीस पिढ्या, पन्नास पिढ्या, पुढं मोजणं सोडलेलं.
आता हे सगळे मिळून एकच उंदीर, म्हणाल्या,
नुसते पिंजरे वेगळे.
म्हणून फरक पडला तर तो औषधाचा,
रक्ताचा नाही.
मी म्हणालो, आमच्यात मामाची पोरगी करतात.
मी केली. बापानंही केली होती.
मॅडम काही बोलल्या नाहीत.
पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

लेकरू सात वर्षांचं. नाव गुंजन.
ठेवलं तेव्हा ठाऊक नव्हतं.
बारशाला आत्यानं कानात कुर्रर्र केलं,
तीनदा, चांगलं जोरात.
पोरगी दचकली नाही.
शहाणं लेकरू, म्हणाल्या सगळ्या बाया,
अन् घुगऱ्या वाटल्या.
सोनारानं कान टोचले तेव्हा मात्र
गल्ली जागी केली तिनं.

इथं कान मी टोचतो.
उजव्याला एक भोक म्हणजे एक, डाव्याला एक म्हणजे दहा.
रक्त येत नाही म्हणावं इतकं थोडं.
मॅडमनी कानाच्या आतलं काढून
मायक्रोस्कोपखाली दाखवलं होतं :
गोगलगाय. अडीच वेढ्यांचीसुद्धा नाही.
लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात,
आम्ही उंदीर पोखरतो.
डोंगर अजून निघालेला नाही.

त्या रविवारी बायकोला ताप होता,
म्हणून गुंजनला संगं आणलं.
बाहेरच्या बाकावर बसवलं, बिस्किटाचा पुडा दिला.
ट्रॉली चौकटीत अडकली, दार अर्धं उघडं.
मी आत भुसा बदलत होतो.
तिला खिळ्यावरचं चकाकणारं काहीतरी दिसलं.
तिनं ते काढलं. हलवलं.
उन्हाचे तुकडे भिंतीवर उडाले असतील,
म्हणून आणखी हलवलं.

मी ओरडलो.
सात वर्षं झाली, तरी मी ओरडलो.

पाच पिल्लं होती त्या पिंजऱ्यात.
गोल, गोल, आणि आडवी.
चार उठली, थरथरत, भुशात तोंड खुपसून.
मी मागं पाहिलं तर ती काचेला नाक लावून,
डोळे हे एवढे,
दोन बोटं तळहातावर भराभरा फिरवत सांगत होती :
नाचतायत.
बाबा, नाचतायत.

सांच्याला रजिस्टर भरलं.
पिल्लू मृत, एक. कारणाच्या रकान्यात
'आवाज' लिहिलं.
मॅडमनी सही केली. काही विचारलं नाही.

अजून दर रविवारी मी चपला घालताना
ती दारात येते,
तळहातावर दोन बोटं फिरवते,
भुवया उंचावून.
मी मान हलवतो, न्यायचं नाही आज.
खिशात हात घालून
किल्ल्या मुठीत आवळून धरतो,
तिच्यासमोर, कामून कुणास ठाऊक.